चित्रपुस्तकातला बाजार आणि मुलांचा हिशेब

पहिली ते चौथीच्या मुलांना पैशांचा हिशेब शिकवताना मी गेली काही वर्षे पाठ्यपुस्तकाच्या जोडीला चित्रपुस्तके वापरते आहे, आणि या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. ज्या पुस्तकात प्रत्येक वस्तूखाली तिची किंमत छापलेली असते, ते या कामासाठी फारसे उपयोगी पडत नाही. ज्या पुस्तकात दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, हातात नोट घट्ट धरून उभी असलेली मुलगी आहे, पण किंमत कुठेही लिहिलेली नाही, ते पुस्तक मात्र आठवडाभर पुरते. तिथे हिशेब कोणी आधीच मांडून ठेवलेला नसतो. तो मुलांना मांडावा लागतो, आणि मांडण्यापूर्वी ही वस्तू कितीला मिळत असेल याचा विचार करावा लागतो.

‘एका पेनाची किंमत ७ रुपये, तर ४ पेनांची किंमत किती?’ असे उदाहरण फळ्यावर लिहिले की मुले त्यातले दोन आकडे उचलतात आणि विचारतात, “बाई, मिळवायचे की गुणायचे?” पेन, दुकान आणि पैसे यांच्याशी त्यांचा काही संबंध उरलेला नसतो. चित्रात उचलायला आकडाच नसल्यामुळे हा प्रश्न विचारण्याची सोय राहत नाही. आधी काय चालले आहे ते पाहावे लागते.

माझी शाळा देवगड तालुक्यात, खाडीच्या जवळ आहे. दोनशिक्षकी शाळा असल्यामुळे चारही इयत्तांची मुले बराच वेळ एकत्रच बसतात. कोणाच्या घरी होडी आहे, कोणाचे आईवडील आंब्याच्या बागेत राखणीला आहेत, कोणाचे वडील मुंबईला नोकरीस आहेत. खरा बाजार इतका जवळ असताना चित्रातला बाजार कशाला, असे मला पालकांनीही विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु खऱ्या बाजारातला व्यवहार क्षणात उरकतो. मासे विकणारी बाई एका हाताने मासा देते, दुसऱ्या हाताने नोट घेते आणि उरलेले पैसे परत करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. आईच्या पदराआड उभ्या असलेल्या मुलाला त्यातले काय दिसणार? चित्रात तोच व्यवहार थांबून राहतो. पान मागे उलटता येते, पुन्हा पाहता येते, “थांब, तिने किती दिले होते?” असे म्हणता येते.

दुसरे कारण अलीकडचे आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या गावातल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचले. आता बरेच पालक फोन पुढे करतात, दुकानातला डबा रक्कम मोठ्याने बोलतो आणि व्यवहार संपतो. सुटे मोजणे, परत आलेले पैसे तळहातावर पसरून पाहणे हे जे आमच्या पिढीला न शिकवता आले, ते पाहण्याची संधी आजच्या सात वर्षांच्या मुलाला फारच कमी मिळते. ती संधी कुठेतरी मुद्दाम निर्माण करावी लागणार आहे.

पैसे हे लहान मुलासाठी मुळातच अवघड साधन आहे, हे आपण मोठी माणसे सहज विसरतो. दहा काड्या रबराने बांधल्या की दहाचा गठ्ठा तयार होतो. तो सोडला की पुन्हा दहा काड्या दिसतात. दहा रुपयांचे नाणे मात्र कसेही पाहिले तरी एकच नाणे असते. ते दहा रुपयांच्या बरोबरीचे आहे, हे केवळ सर्वांनी मान्य केले म्हणून खरे असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांच्या संख्याविचाराचा अभ्यास करताना दाखवून दिले होते की, वस्तू पसरून ठेवल्या की त्या जास्त झाल्या असे मुलांना वाटते. एक रुपयाची पाच नाणी आणि दहाची एक नोट समोर ठेवली तर पहिलीतली कितीतरी मुले पाच नाणी निवडतात, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. काड्यांचे गठ्ठे नीट समजल्यावरच मी पैशांकडे वळते. गणित पेटीतल्या खेळातल्या नोटाही त्यानंतरच बाहेर येतात.

आपल्या नाण्यांची आणखी एक अडचण आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी मोठ्यांनाही चटकन वेगळी ओळखू येत नाहीत. दहाचे नाणे दोन रंगांचे आणि २०२० मध्ये आलेले वीसचे नाणे बारा बाजूंचे, ही दोन्ही मात्र मुले पाहताक्षणी ओळखतात. नोटांचे तर रंगच वेगवेगळे आहेत: दोनशेची पिवळी, पाचशेची करडी, शंभरची फिकट जांभळी, पन्नासची निळी. वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, आणि मागच्या बाजूला ज्या पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते त्यांत मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत. हे शोधून काढायला मुलांना फार आवडते. म्हणून चित्रपुस्तकातली नोट चुकीच्या रंगाची असेल तर मुले ती लगेच पकडतात. जुन्या पुस्तकांत नोव्हेंबर २०१६ पूर्वीची पाचशेची नोट दिसते. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती नोटच नव्हे. अशा पानावर मी कागदाची बरोबर रंगाची नोट हलकेच चिकटवते. चित्रकारांनी याकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण मुलांचा चित्रावरचा विश्वास अशा बारीक गोष्टींवर अवलंबून असतो.

वाचनाची माझी पद्धत साधी आहे. पहिल्या वेळी गोष्ट फक्त गोष्ट म्हणून वाचायची. त्या दिवशी हिशेबाचा एकही प्रश्न विचारायचा नाही. हे पथ्य मी कटाक्षाने पाळते. पानापानावर “आता किती उरले?” असे विचारत गेले की मुले गोष्टीतल्या माणसांकडे पाहायचे सोडून बाईंच्या तोंडाकडे पाहू लागतात. दुसऱ्या वेळी मी कोऱ्या चिठ्ठ्या आणते. गटात चर्चा करून मुले प्रत्येक वस्तूची किंमत ठरवतात आणि चिठ्ठी चित्राशेजारी ठेवतात. इथेच सर्वात जास्त वाद होतात आणि खरे शिक्षणही बहुधा इथेच होते. नारळ दहा रुपयांना असे कोणी म्हटले की दुसरा हसतो, कारण त्याच्या आईने कालच नारळ आणलेला असतो. बिस्किटाचा पुडा आणि शाळेचे दप्तर यांच्या किमतींत किती पटींचा फरक असावा, हा अंदाज पाठ्यपुस्तकात कधी मागितलाच जात नाही. वास्तविक, उत्तर चुकले आहे हे माणसाला स्वतःहून कळते ते अशा अंदाजामुळेच.

तिसऱ्या वाचनात नोटा आणि नाणी येतात. परत द्यायच्या पैशांसाठी मी वजाबाकीची उभी मांडणी लगेच करू देत नाही. सामान ३७ रुपयांचे झाले आणि गिऱ्हाइकाने ५० ची नोट दिली, तर जुना दुकानदार काय करतो? तो सदतीसपासून पुढे मोजतो: एक रुपया ठेवून अडतीस, आणखी एक ठेवून एकोणचाळीस, आणखी एक ठेवून चाळीस, आणि दहाची नोट ठेवून पन्नास. परत दिलेले तेरा रुपये गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तयार होतात, आणि उसना घेण्याची वेळच येत नाही. ज्या मुलांना ५० मधून ३७ वजा करताना शून्यातून सात कसे काढायचे हे कळत नव्हते, ती मुले या रीतीने न अडखळता पैसे परत करू लागतात. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधले अंतर, ही समज त्यांना इथे मिळते, आणि मग उभी मांडणी शिकवणे पुष्कळ सोपे जाते.

विकतची पुस्तके चांगली असली तरी त्यांतला बाजार बहुधा शहरातला असतो: भाजीची गाडी, आइस्क्रीमवाला, खेळण्यांचे दुकान. म्हणून आम्ही वर्गातच एक पुस्तक तयार केले. मासे विकणाऱ्या आईचा एक दिवस असा त्याचा विषय ठरला. चित्रे मुलांनी काढली, मजकूर जवळजवळ नाहीच. पहाटेचा लिलाव, डोक्यावरची टोपली, रिक्षा, बाजारातली जागा, पाटीवर मांडलेले बांगडा माशांचे वाटे, म्हणजे विकायला लावलेले छोटे ढीग, दुपार, संध्याकाळ आणि घर, एवढाच त्याचा क्रम आहे.

त्या पुस्तकाने मला जे दाखवले ते मी ठरवून शिकवले नसते. एका पानावर सूर्य मावळतीला आलेला आणि चार वाटे शिल्लक आहेत. मी सवयीने म्हटले की शंभर रुपयांना एक वाटा, तर चार वाट्यांचे चारशे. त्यावर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, सांज झाली हा, आता वाटो पन्नासाकच जातलो.” तिने किंमत चित्रातल्या सूर्यावरून वाचली होती. मासा टिकत नाही, म्हणून दिवस उतरतो तशी किंमत उतरते, हे तिला घरी रोज दिसत होते. वर्गात ते सांगण्याची जागा प्रथमच मिळाली होती.

मग संपूर्ण दिवसाचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. आकडे मुलांनीच ठरवले. लिलावात माल १२०० रुपयांना घेतला, बर्फाला ६०, रिक्षाला ९०. एकूण खर्च १३५०. वाटे झाले अठरा. त्यांतले चौदा शंभरप्रमाणे गेले, त्यांचे १४००. उरलेले चार पन्नासप्रमाणे, त्यांचे २००. जमले १६०० रुपये. “म्हणजे तिला सोळाशे मिळाले,” असे अनेकांनी एका सुरात सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा, जो गणिताच्या तासाला सहसा बोलत नाही, उठून म्हणाला, “सगळे पैशे तिचे नाय, बाई. बर्फाचे देऊचे रवले.” १६०० मधून १३५० गेल्यावर राहतात २५०. दिवसभर उन्हात बसून अडीचशे, हे फळ्यावर पाहिल्यावर वर्ग काही वेळ त्यावरच बोलत राहिला. चारही वाटे शंभरला गेले असते तर किती उरले असते? ४५०. मग तिने दुपारीच भाव थोडा उतरवला असता तर? या शेवटच्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि तो मी विचारलेलाही नव्हता, मुलांनीच काढला. नफा-तोटा हा धडा पुढच्या इयत्तांत येतो आणि तिथे खरेदी किंमत व विक्री किंमत अशा दोन ओळींत आटोपतो. त्या दोन ओळींच्या मधला दिवस या पुस्तकात आहे.

आपल्या आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची ही कल्पना आमच्या किनाऱ्याला नवी नाही. कोकणच्या उत्तर टोकाला, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पाने वापरून त्यांनी बालवाडीचे शिक्षण उभे केले. मी ही नावे सर्व नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते.

आमच्या पुढच्या पुस्तकात एसटीचा प्रवास आला, आणि त्यातले एक पान मला फार मोलाचे वाटते. बाकावर आजोबा, आई, बाबा, नऊ वर्षांचा मुलगा आणि मांडीवर तीन वर्षांची बहीण बसली आहेत. कंडक्टर समोर उभा आहे. पूर्ण तिकीट ४० रुपये धरले, तर सर्वांचे मिळून किती? पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते आणि त्याहून लहान मुलाला लागत नाही. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. तिकिटातले किरकोळ अधिभार बाजूला ठेवले तर बाबांचे ४०, आईचे २०, मुलाचे २०, असे ८० रुपये होतात. पण त्यासाठी चित्रातल्या आजोबांचे वय किती हे ठरवावे लागते. ‘ते सत्तर वर्षांचे असतील तर?’ हा प्रश्न आला की ज्येष्ठांची निम्म्या भाड्याची सवलत पुढे येते आणि बेरीज शंभर होते. एकाच चित्राची दोन उत्तरे बरोबर असू शकतात, मात्र प्रत्येकाचे कारण सांगता आले पाहिजे, हे इथे मुले स्वतः अनुभवतात.

आंब्याच्या पेटीचे पानही असेच वाढत गेले. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव १२०० असेल तर एक आंबा शंभराला पडतो. मे महिन्यात तोच डझन ६०० वर आला की पन्नासाला. बाराने भागण्याचा सराव इतक्या आनंदाने मी दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने करून घेऊ शकले नाही.

पैशांच्या, म्हणजे रुपयाच्या शंभराव्या भागाच्या, हिशेबाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. २५ पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनात राहिली नाहीत. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण आमच्या गावात ते कोणाच्या हातात दिसत नाही. ज्या वस्तूला मुलाने कधी स्पर्श केला नाही तिच्यावरची उदाहरणे लवकर सुरू करण्यात मला अर्थ वाटत नाही. पैसे शिकवायचेच, तर ते आजी-आजोबांना वर्गात बोलावून शिकवावेत. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाव, अर्धा, सव्वा, दीड आणि साडेतीन पटींचे पाढे त्या काळच्या व्यवहारासाठीच पाठ केले जात. आजी पावकी म्हणू लागली की मुले तिच्याकडे आदराने पाहतात. आणि ती विद्या आजही कामाची आहे: ८० रुपये किलोची भाजी पाव किलो घेतली तर वीस रुपये, हे ज्याला चटकन सुचते त्याने पावकीच वापरलेली असते.

अनुवादित पुस्तकांविषयी एक सूचना करावीशी वाटते. अमेरिकेतल्या पैशांवरच्या चित्रपुस्तकांचा बराचसा भर नाणी ओळखण्यावर असतो, आणि त्याला कारण आहे. तिथे एक, पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी नेहमीच्या वापरात आहेत, त्यांच्यावर किंमत अंकांत नसून शब्दांत असते, आणि दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान आहे. तिथल्या मुलाचा बहुतेक हिशेब एका डॉलरच्या आत, म्हणजे शंभरच्या आत बसतो. आपल्या नाण्यांवर ठळक अंक आहेत. आपल्या मुलाची अडचण अशी की आठव्या वर्षीच त्याच्यासमोर पाचशेची नोट येते आणि शेकड्यांत हिशेब करावा लागतो. त्यामुळे डॉलरच्या जागी नुसता रुपया घातलेला अनुवाद मला पटत नाही. त्यात एका रुपयात आइस्क्रीम मिळते आणि मुलांचा अंदाज बिघडतो. त्यापेक्षा डॉलर डॉलरच ठेवावा आणि ही दुसऱ्या देशाची गोष्ट आहे असे सांगून वाचावे.

बचतीचा उपदेश करणारी पुस्तकेही मी जपून वापरते. मातीच्या गल्ल्यात रोज पाच रुपये टाकणाऱ्या गुणी मुलाची गोष्ट वाचताना, ज्याच्या घरी पावसाळ्यात होडी बंद असते आणि तेव्हा उधारीवर किराणा येतो, त्या मुलाला काय वाटत असेल? पैशांच्या धड्यात कोणाच्या घरची मिळकत चर्चेला येऊ नये, याची मला सतत काळजी असते. चित्रपुस्तकाचा मोठा आधार इथे मिळतो. पुस्तकातल्या आईकडे शंभरच रुपये आहेत, ती काय घेईल आणि काय मागे ठेवील, असा प्रश्न विचारता येतो. उत्तर देणारे मूल आपल्या घरचा अनुभव त्यात ओतू शकते आणि तरीही कोणाकडे बोट दाखवले जात नाही. तेल आधी की वही आधी, यावर आमच्या वर्गात झालेली चर्चा ऐकताना मुलांना घरातले किती समजते हे मला जाणवले.

पुस्तके मिळवण्याची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतही पुष्कळ चित्रपुस्तके आहेत, त्यांची वाचनपातळी दिलेली असते, आणि खुल्या परवान्यामुळे ती उतरवून घेऊन छापता येतात, त्यांत बदलही करता येतात. निवड करताना बाजार हा विषय नसलेली पुस्तकेही पाहावीत. जत्रेला गेलेल्या मुलाची गोष्ट असेल तर खाजे, फुगा आणि पाळणा यांतले काय काय पन्नास रुपयांत बसेल हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

सध्या आम्ही ज्या पानावर अडलो आहोत ते फोनवरून पैसे देण्याचे आहे. मुलांनी दुकान काढले, चौकटीचे कोडचिन्ह (क्यूआर कोड) काढले, बोलणारा डबाही काढला. परंतु पैसे कसे दाखवायचे हे कोणाला सुचेना. सुटे परत करण्याचा प्रश्न या चित्रात उरत नाही, मात्र दोन नवे प्रश्न येतात: खात्यात किती शिल्लक राहिले, आणि टाकलेली रक्कम बरोबर आहे का? १५० ऐवजी १५०० टाकले गेले तर ते नोटा मोजताना जसे हाताला कळते तसे बोटाला कळत नाही. चौथीच्या मुलांनी सुचवले की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आईच्या खात्यातली शिल्लक नोटांच्या चित्रांनी दाखवावी आणि व्यवहार झाला की पुढच्या पानावर तेवढ्या नोटा कमी काढाव्यात. पहिल्या पानावर दोन हजारांची शिल्लक धरली आहे. ती पाचशेच्या चार नोटांनी दाखवायची की शंभरच्या वीस नोटांनी, यावर अजून एकमत झालेले नाही. मी शंभरच्या बाजूची आहे, कारण १५० रुपये देताना एक शंभराची नोट मोडून पन्नासच्या दोन कराव्या लागतात, आणि ते मोडणे मुलांनी कागदावर करून पाहावे असे मला वाटते.